टर्बोशेजारचा डबा

…नाही, पण मला एक सांगा, बाहेर बेचाळीस डिग्री, आमच्या या लारिसा गावच्या डांबरावर कुत्रं पाय टेकवायला तयार नाही, गॅरेजच्या पत्र्याखाली मी असा निथळतोय की बनियन पिळलं तर बादली भरेल, आणि मी करतोय काय? तर इंजिनाला गार वाटावं म्हणून धडपडतोय. मला गार वाटावं म्हणून कधी कोण धडपडलंय का? बायकोला म्हटलं, एव्हान्थिया, इथे एक पंखा लागेल गं, तर म्हणाली, आहेत की डझनभर, रेडिएटरचे. बसा, बसा, तुमच्या गाडीला अजून अर्धा तास आहे, तोवर ऐका. चाळीस वर्षं गाड्यांच्या तारा जोडतोय मी, पण अक्कल शिकवायला सगळं गाव माझ्याकडेच येतं.

तर हा स्तेर्योस. आमच्या पोरीचा, फोतिनीचा धर्मबाप, बाप्तिस्म्याला यानेच तिला हातात धरलेलं, म्हणजे माझा कुंबारोस. आणि कुंबारोसचं तुम्हाला ठाऊक आहे, सख्ख्या भावाला नाही म्हणता येतं, त्याला येत नाही. कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेला, बायको जाऊन सात वर्षं झालेली, घरात एकटा, आणि अंगणात ती गाडी. जपानी, टर्बोवाली, तीस वर्षांची म्हातारी. गाडी खरं तर पोराची, अखिलेआसची. बापलेकांनी दोन हिवाळे खपून उभी केली होती, मूळचा काढून मोठा टर्बो बसवला, डोंगरचढणीच्या शर्यतीत उतरवली. एकदा तिसरा नंबर आला तेव्हा स्तेर्योसने सगळ्या कॉफीहाउसला त्सीपुरोची दारू पाजली होती, मला दुसऱ्या दिवशी तारेची दोन टोकं दिसत नव्हती. मग ते मंदीचे वाईट दिवस आले, इथली पोरं भराभरा निघाली, अखिलेआसही जर्मनीत ष्टुटगार्टला गेला आणि गाडी राहिली. बाप दर रविवारी ती पुसायचा. नुसता पुसायचा, हं. चालवायचा नाही.

जूनमध्ये आला माझ्याकडे. म्हणाला, "झीसिस, पोरगा येतोय." सहा वर्षांनी. सोबत जर्मन बायको आणि पाच वर्षांचा नातू, जो याने फक्त फोनच्या काचेत बघितलेला. पंधरा ऑगस्टला सगळ्यांनी त्या गाडीतून किस्सावोस डोंगरावर चढायचं, वर गावात मरियमातेच्या जत्रेला, आणि गाडी अखिलेआसने चालवायची, असं याचं सगळं ठरलेलं. म्हटलं, मग जा की, मला कशाला सांगतोस. तर म्हणे जात नाही ना ती. गार असली की एका चावीत सुरू, वीस मिनिटं हरणासारखी पळते, आणि गरम झाली की मरते. अर्धा तास झाडाखाली उभी करायची, की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही.

बॉनेट उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. टर्बो म्हणजे काय हो, इंजिनाचा जळका धूर ज्याच्यावर आपटतो ती भिंगरी. चढावर लालबुंद होते, तिच्यावर अंडं फुटण्याआधी शिजेल. आणि या दोघा शहाण्यांनी मोठी भिंगरी बसवताना ती कुठे आणून ठेवली, तर इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या डब्यापासून वीतभर अंतरावर. म्हणजे गाडीचा मेंदू, आणि शेजारी भट्टी. तारांवरचं प्लास्टिक बोट लावलं की टोस्टसारखं कुडकुडून पडायचं, कनेक्टर पिवळे झालेले, डबा उघडला तर आत डाग दिलेल्या जागी केसाएवढे तडे. गरम झालं की तडा उघडतो, गाडी मेली, गार झालं की मिटतो, गाडी जिवंत. भुताटकी नाही, काही नाही. आणि यातली खरी मेख काय माहितेय? गाडी बंद केल्यावर जास्त तापतं. पंखा थांबतो, वारा थांबतो, आणि भट्टी मात्र तापलेलीच. सगळी आग सावकाश वर चढते आणि त्या डब्यात जाऊन बसते.

हे मी स्तेर्योसला समजावून सांगितलं. तो मान डोलावत ऐकत होता आणि तिथून उठून थेट कॉफीहाउसात गेला, लाम्ब्रोसला विचारायला. लाम्ब्रोस कॉफी करतो. आयुष्यात त्याने तापवलेली एकच गोष्ट म्हणजे किटली. पण तो म्हणाला, "अरे सोप्पं आहे, बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली दोन-दोन वॉशर घाला, फट पडेल, गरम हवा जाईल निघून, झीसिस उगाच काम वाढवतो." आणि याने घातले की वॉशर! चाळीस वर्षं तारा जोडतोय मी, आणि निकाल कोण देणार, तर किटलीवाला.

आता त्या फटीतून हवा बाहेर जात नाही हो. गाडी पळायला लागली की वारा समोरच्या काचेवर आपटतो, तिथे दाबून बसतो आणि त्या फटीतून उलटा आत घुसतो. लाम्ब्रोसला पटेना. मग एव्हान्थियाच्या विणकामातली लोकर घेतली, लाल, बोटबोटभर तुकडे केले, बॉनेटच्या मागच्या कडेला चिकटपट्टीने लावले आणि लाम्ब्रोसला शेजारी बसवून बाहेरच्या रस्त्याने दोन फेऱ्या मारल्या. सगळे धागे आतल्या बाजूला वाकलेले, जसे काही इंजिनात काय चाललंय ते बघायला गेलेत. लाम्ब्रोस बराच वेळ धाग्यांकडे बघत राहिला, आणि उतरताना म्हणतो, आज वारा उलटा असेल. घरी आलो तर एव्हान्थिया विचारते, माझी लोकर कुठाय.

असो. वॉशर काढले आणि दोन महिने खपलो. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर, कारण दिवसा तुमच्यासारख्या लोकांची कामं. टर्बोला काचेच्या धाग्याची जाड रजई घातली, धुराच्या नळीला तसलीच पट्टी गुंडाळली, अंगाला ती इतकी खाजते की आठवडाभर मला जेवताना दोन्ही हात पुरत नव्हते. मधे पत्र्याचा आडोसा उभा केला, पण चिकटवून नाही, दोन्ही बाजूंनी बोटभर हवा खेळेल असा. मेंदूचा डबा तिथून उपटला, तडे पुन्हा डागले आणि आत, शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवतात तिथल्या पॅनेलमागे नेऊन बसवला, त्यासाठी छप्पन्न तारा एक-एक करून लांबवल्या. छप्पन्न. पुढून गार वाऱ्याची नळी आणली. पंख्याला वेगळा रिले दिला, गाडी बंद केली तरी तीन मिनिटं फिरेल असा. आणि गाडीच्या पोटाखालचं झाकण, जे या बापलेकांनी दहा वर्षांपूर्वी वजन कमी करायचं म्हणून फेकून दिलं होतं, ते नवीन कापून लावलं, कारण ते असलं की वारा नीट वाटेने जातो. मग ऐन दुपारी, बेचाळीस डिग्रीत, चढ चढून आलो, बंद केली, दहा मिनिटं थांबलो आणि चावी फिरवली. सुरू. पुन्हा केलं. सुरू. सहा वेळा केलं, तुम्हाला सांगतो, सहाच्या सहा वेळा सुरू. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पुसताना ती खाजरी पट्टी डोळ्यात गेली, तो भाग वेगळा.

चौदाला मंडळी आली. सून कीर्स्टन, उंच, शांत, सगळ्याला हसून मान डोलावणारी. नातू योनास, एका हातात प्लास्टिकचा डायनासोर. पंधराला सकाळी निघालो. मीही, कारण स्तेर्योस म्हणाला तू नसलास तर मी निघणार नाही. अखिलेआस चालवायला, शेजारी बाप, मागे मी, कीर्स्टन आणि मधे योनास. गाडीत एसी नाही, तोही वजनासाठी काढलेला. काचा खाली केल्या, गाडी चढाला लागली, काय आवाज, काय खेच, मी मनातल्या मनात मिशीला पीळ देतोय, आणि एकदम पायांवर गरम वाफ. बघतो तर स्तेर्योसने हीटर सोडलेला. पूर्ण. त्याला लाम्ब्रोसने सांगितलं होतं, हीटर लावला की इंजिनाची उष्णता आत ओढली जाते. आता हे खोटं नाही हो, पण ते गाडी उकळायला लागली तर करायचं असतं. इथे काटा मधोमध, रजई आहे, पत्रा आहे, माझे दोन महिने आहेत! पण त्याचा भरवसा माझ्यावर नाही. चाळीस वर्षं तारा जोडल्या, आणि हा हीटर लावतो.

अखिलेआसने हीटर बंद केला. बापाने पुन्हा लावला. पोराने बंद केला. बापाने लावला, आणि या वेळी हात बटणावरच ठेवला. मागे योनास लालभडक झालेला, डायनासोर घट्ट धरून बसला होता. कीर्स्टन त्याला वहीने वारा घालत होती आणि अजूनही हसत होती, तसल्या हसण्याची मला भीती वाटते.

"बाबा, बंद करा ते."

"मरेल गाडी."

"मरू दे. मी काय गाडीसाठी आलोय?"

बाकी काही नाही. एवढंच. पण स्तेर्योसच्या कानात त्यातलं पहिलं तेवढं गेलं, मरू दे. दुसरं गेलंच नाही, मी मागून बघत होतो ना, मान कशी खाली गेली ते. त्याने बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि तेवढ्यात योनासला उलटी झाली. माझ्या बुटांवर, पण ते सोडा.

वाटेत झरा आहे, तिथे चिनाराखाली थांबलो. पोराचं तोंड धुतलं, त्याला पाणी पाजलं. अखिलेआसने गाडी बंद केली तेव्हा स्तेर्योस हळूच म्हणाला, बंद करू नकोस, मग सुरू व्हायची नाही. अखिलेआसने ऐकलं नाही. बाप एका दगडावर, लेक दुसऱ्या दगडावर, मधे माझे बूट वाळत घातलेले. वर जत्रेच्या घंटा वाजत होत्या. पंधरा मिनिटांनी अखिलेआस उठला आणि चावी फिरवली. तापलेली गाडी, भर उन्हात, पहिल्या फटक्यात सुरू. हीच ती वेळ, बरं का, यासाठी मी दोन महिने खाजवलं होतं. मी स्तेर्योसकडे बघितलं, अखिलेआसकडे बघितलं. कुणाच्या लक्षातच आलं नाही. गाडी वळवली आणि आम्ही खाली आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाड्याची गाडी घेतली, एसीवाली, आणि समुद्रावर जायला लागले. बाप गेला नाही. म्हणे ऊन बाधतं. चाळीस वर्षं जिनिंगच्या पत्र्याखाली काढलेला माणूस.

जायच्या आदल्या दिवशी अखिलेआस इथे आला, तुम्ही बसलाय तिथेच बसला. आधी उगाच रजईबद्दल विचारलं, डबा कुठे हलवला ते विचारलं, म्हणाला, "काका, काम सुरेख झालंय." निदान एकाने तरी म्हटलं. मग म्हणाला, "मी बाबांना न्यायला आलो होतो. खालची खोली रंगवून ठेवलीय. हिवाळ्यात त्यांनी एकटं राहू नये. पण विषय काढला की ते अंगणात जातात आणि गाडी पुसतात." मी म्हटलं, मग मी काय करू? म्हणाला, तुमचं ऐकतात. माझं! बॉनेटच्या वॉशरपासून हीटरपर्यंत ज्याने माझं एक अक्षर ऐकलं नाही, त्याला मी सांगायचं.

गेलो तरी. हा गाडी पुसत होता. म्हटलं, स्तेर्योस, अरे तो तुला न्यायला आला होता, तू त्याला गाडी देत बसलास. फडकं थांबलं. मग म्हणाला, "आणि हिला कोण बघेल?"

आणि मी गाढव. सरळ म्हणता आलं असतं, विकून टाक. गप्पही बसता आलं असतं. पण आपल्या तोंडाला कुठे झाकण आहे? म्हटलं, मी बघेन.

ऑक्टोबरात गेला. विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा त्याने किल्ली दिली, आणि पंख्याचा रिले वरचेवर तपास म्हणून सांगितलं, तो रिले ज्याने बसवला त्यालाच. फक्त हिवाळ्यापुरतं म्हणाला होता, आणि बघा, आता पुन्हा जुलै आलाय. नातवाला शाळेत सोडतो, म्हणे. त्याला थोडं जर्मन येतं, नातवाला थोडं ग्रीक, आणि दोघे मिळून डायनासोरशी बोलतात. चांगलंच झालं, मी कुठे वाईट म्हणतोय. इथे कॉफीहाउसात पत्त्याला चौथा गडी नसतो, एवढंच, लाम्ब्रोसला खेळायला घ्यावं लागतं.

मी दर रविवारी गाडी काढतो, झऱ्यापर्यंत चढवतो, बंद करतो, पंधरा मिनिटं बसतो आणि सुरू करतो. सुरू होते. थंडीत होते, उन्हात होते, एकदा म्हणून नाही मेली. संध्याकाळी त्याचा फोन येतो. "कशी आहे?" "बरी आहे." "बंद नाही पडली?" "नाही." "बरं." आणि संपलं. ठेवला फोन. दुसरं काय बोलणार हो दोन म्हातारी माणसं, हवामान? तिकडे पाऊस असतो, इकडे ऊन असतं.

म्हणून गेल्या रविवारी मी खोटं बोललो. म्हटलं, आज मेली, झऱ्यापाशी. तर माणूस पाऊण तास बोलत होता. रजई सैल झाली असेल, तो रिले बघ, पत्रा हलला असेल, तू जोडलेल्या त्या छप्पन्न तारांतलीच एखादी कच्ची राहिली असणार, मला तेव्हाच वाटलं होतं. मी नुसतं हो हो म्हणत होतो.

आता येत्या रविवारी काय बिघडलं म्हणून सांगावं, सुचवा बघू काही.