ड्रमवाल्याची मोकळी जागा

सलीमची ढोलकी गप बसलेली तुमी कवा बघितलीय का? मी बघितली, गेल्या रविवारी, विश्रामबागेत माझ्याच घरी. हा पलूसचा गडी ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवतो, आणि टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी तिला ठेका देतो. मी त्याला जॅझची एक जुनी रेकॉर्ड लावली. गाणारी एक बाई, साथीला पियानो आणि डबल बास, म्हंजी ते माणसाएवढं उभं व्हायोलिन, बस्स.

"ड्रमवाला न्हाई?" सलीम म्हणाला. "मग ती जागा आपलीच रं!"

त्यानं ढोलकी मांडीवर घेतली, हात उचलला आणि तसाच धरला. बाई एक ओळ म्हणायची, थांबायची, मग बासवाला हळूच दोन सूर सोडायचा. गाणं संपलं तरी ह्याचा हात हवेतच.

"आरं, वाजीव की गड्या!"

"कुठं वाजवू?" तो एकदम हळू बोलला. "मोकळी जागा दिसती म्हणून हात न्यावा, तर तिथं ती बाई गप बसल्याली असती."

"मग बंद करू का?"

"न्हाई, न्हाई, परत लाव. पण थांब, आदी ढोलकी भाईर ठिवून येतो."