बेल गाडीत चढून मारायची

मंडळी, ऐका! दुसऱ्याचा जीव आपल्या एका सहीवर अडकलेला असेल, तर ती सही करायची कधी? — धरा हा प्रश्न मनात, आणि चला माझ्याबरोबर विमानतळावर!

अहो, साधंसुधं विमान नाही! पायलटच नाही त्यात! आपोआप उडायचं, आपोआप उतरायचं! — काय अण्णा, हसताय? अहो, यंत्राला डुलकी लागत नाही, घरून बायकोशी भांडून येत नाही ते! तुमच्यापेक्षा बरं!

हे विमान घडवलं शाल्मली भुसारीनं. आठ वर्षं राबली पोरगी! आज पहिली फेरी. चाळीस प्रवासी आत बसलेले, आणि 'विमान सुरक्षित आहे' या कागदावर तिची सही तेवढी बाकी! मनात आनंद मावेना! आणि भीतीसुद्धा. का? तीनशे चाचण्यांत एकदा, दाट धुक्यात, विमान धावपट्टी सोडून शेजारच्या रस्त्यावर उतरायला निघालं होतं! खालून माणसांनी सावरलं म्हणून निभावलं.

कंपनीचे साहेब म्हणाले, "तीनशेत एकदा! माणसं काय चुकत नाहीत? करा सही!" खोटं नव्हतं हो ते. शाल्मलीनं पेन उघडलं.

नारळ फोडायला तिची आई आली होती, सिंधूबाई. एसटीत बावीस वर्षं कंडक्टर! तिनं विचारलं, "शालू, तुझी सीट कुठली गं?"

"मी कुठे जातेय आई? मी इथंच, स्क्रीनपुढे."

"असं होय! बावीस वर्षं बेल मारली बाई मी. पण आधी गाडीत चढायचे, मग मारायचे. खाली उभं राहून कधी नाही मारली."

झालं! शाल्मलीनं डोळे मिटले, मनातच पहिल्या सीटवर जाऊन बसली. खिडकीबाहेर धुकं — आणि बसवेना हो तिला! मनातसुद्धा बसवेना!

"साहेब, प्रवासी उतरवा. मी सही करत नाही."

"नोकरी जाईल!"

"जाऊ दे!"

गेली का नोकरी? छे! सही करायला दुसरं कुणी पुढंच येईना!

पाच महिने खपली. चूक सापडली, काढली, धुक्यात शंभरदा उडवून पाहिलं. मग एका सकाळी सही केली, आणि तडक आत चढली! शेजारी सिंधूबाई. पट्टा आवळत म्हणाली, "हां, मार आता बेल!" उडालं की हो विमान! आणि भर धुक्यात उतरलं — बरोब्बर धावपट्टीच्या मधोमध!

मंडळी, देवाला वर बसून बेल मारता आली नसती? पण तो उतरला, आपल्यात येऊन बसला! म्हणून तर त्याच्यावर भरवसा टाकतो आपण.

आता तुमच्याकडे वळतो. आपल्या शाळेच्या बसचे ब्रेक ठीक आहेत, अशी सही कुणी केली? इथंच बसलाय ना? हात वर करू नका, मला नाव नको. फक्त उद्या सकाळी त्या बसमध्ये आपल्या नातीला बसवा — आणि शेजारी तुम्ही बसा!