फर्मे दुमडताना

मावशी : म्हणजे चार वाजता फोन वाजणार, आणि मी म्हणायचं की ती बाई मीच. असंच ना?

मुलगी : दोनच मिनिटं, मावशी. नाव विचारतील. रेकॉर्डिंगमध्ये तुमचाच आवाज आहे का, एवढं विचारतील. तू हो म्हणायचं आणि या संमतिपत्रावर सही करायची. संपलं.

मावशी : सकाळपासून बसस्थानकात गळा फोडून आलेय मी. 'फलाट क्रमांक सात, गाडी सुटण्याच्या तयारीत आहे, प्रवाशांनी लक्ष द्यावं.' अजून चपला काढल्या नाहीत तोवर तू मला नटी करून मोकळी झालीस. आधी पाणी दे. आणि पहिल्यापासून सांग, ससोबा. सिनेमाच्या त्या संस्थेत तुझी निवड झाली, असं तू सांगितलं होतंस मला.

मुलगी : झाली नव्हती. होत आली होती. ही शेवटची पायरी.

मावशी : पायऱ्या तर भिंतीवरच चिकटवल्यात तू. बघू. 'एक : ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम, तीन वर्षं. दोन : स्टुडिओत उमेदवारी, वायरी गुंडाळण्यापासून. तीन : शूटिंगला माइकची काठी धरणे.' काठी? अगं, भाची सिनेमात जाणार म्हणून मी अख्ख्या स्थानकाला सांगून बसलेय. आणि तू तिथं जाऊन काठी धरणार?

मुलगी : चौकटीच्या बाहेर उभं राहून. आपण कुणाला दिसायचं नाही, आणि बोलणाऱ्याचा श्वाससुद्धा सुटू द्यायचा नाही.

मावशी : बरं बाई, नको दिसूस. पण माझं काय? या कानांनी मी तुझं कुठलंही रेकॉर्डिंग ऐकलेलं नाही, केलेलं तर त्याहून नाही. आवाज कुणाचा आहे त्यात?

मुलगी : आईचा.

मावशी : ताईचा?

मुलगी : हं.

मावशी : दुकानदाराच्या हातात चिठ्ठी ठेवते, दूधवाल्याशी मानेनं बोलते, ती माझी ताई माइकसमोर बोलली?

मुलगी : तिला माहीत नव्हतं. अर्जासोबत आठ मिनिटांचं रेकॉर्डिंग मागितलं होतं. एक खोली, एक काम, एक माणूस. मला नुसता कागदाचा आवाज हवा होता, शप्पथ. छापखान्यातून ते मोठमोठे छापील कागद येतात ना, आई त्यांचे फर्मे दुमडते, हाडाच्या पट्टीनं घडी दाबते, गठ्ठ्यावर टाकते. सर्र, सर्र, थप्प. मी गठ्ठ्याच्या मागं रेकॉर्डर ठेवला आणि क्लासला गेले. परत येऊन ऐकते, तर ती बोलत होती.

मावशी : कुणाशी?

मुलगी : कुणाशीच नाही. एकटीच. आणि मावशी, एकदाही अडखळली नाही. घडीच्या तालावर शब्द पडत होते नुसते. जसे काही ते आधीच कागदावर छापलेले होते.

मावशी : काय म्हणत होती?

मुलगी : मजकूर लिहून जोडावा लागला अर्जाला. हा बघ.
'एक घडी आडवी गं, एक घडी उभी,
बाई, लेक तुमच्या वर्गात, मी फाटकाशी उभी.
फाटकाशी उभी बाई, आत नाही येत,
लेकीची मान खाली जाईल, आवाज नाही देत.'

मावशी : फाटकाशी? कुठल्या फाटकाशी?

मुलगी : शाळेच्या. पुढं ऐक.
'बहीण माझी आत गेली, माझं नाव सांगून,
घंटा होईतो थांबले मी, भिंतीला पाठ लावून.'

मावशी : थांब. पुढचं नको वाचूस.

मुलगी : मलाही तेव्हाच कळलं.

मावशी : अगं, सहावीतली पहिली सभा सोडली तर दहावीपर्यंत तुझ्या एकूण एक पालकसभेला मी गेले. ताईच म्हणायची, तू जा, मला छापखान्यात माल पोचवायचाय. आणि बाहेर उभी राहायची? उन्हात? मी आत बाकावर बसून मान डोलवतेय, तुमच्या त्या बाई म्हणतायत, 'किती स्पष्ट बोलता हो तुम्ही,' मी फुगतेय… आणि ही भिंतीपलीकडे?

मुलगी : तिला येऊ नको असं मीच सांगितलं होतं.

मावशी : ते ठाऊक आहे मला. आता खरं बोल. संस्थेला काय सांगितलंस?

मुलगी : मुलाखतीत त्यांनी विचारलं, लेखन कुणाचं, आवाज कुणाचा. मी म्हटलं, लेखन माझं. आवाज आमच्या शेजारी नाटकात काम करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचा.

मावशी : लेखन तुझं!

मुलगी : तोंडातून निघून गेलं गं. मुलाखत घेणाऱ्या मॅडम इतकं छान बोलत होत्या त्याबद्दल. 'असं लिहिणारी मुलगी आम्हाला हवीच आहे,' म्हणाल्या. आई म्हटलं असतं तर म्हणाल्या असत्या, बोलवा त्यांना, बोलू आपण. आणि मग ती त्यांच्यासमोर अडकली असती.

मावशी : तुला भीती होती ती त्यांच्यासमोर अडकेल याची नाही. तुझ्यासमोर.

मुलगी : तू तर तिच्यासारखीच दिसतेस. आवाजही जवळचा आहे. फोनवर कुणाला कळणार?

मावशी : हे बघ, ससोबा, माझंही ऐकून ठेव. मला मूलबाळ नाही. त्या सभेत दोन तास कुणाची तरी आई म्हणून बसायला मला फार आवडायचं. साडी आदल्या दिवशीच काढून ठेवायचे मी. ताईला काय वाटत असेल, हे मी मुद्दाम विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उठावं लागलं असतं त्या बाकावरून. तेव्हा मला आता पुन्हा तिच्या जागेवर बसवू नकोस. मी नाही बोलणार फोनवर.

मुलगी : मग माझं सगळं जाईल!

मावशी : जाईल. पण मी नाही बोलणार. ती बघ, जिन्यात तिचीच पावलं. मला काय म्हणालीस ते तिला म्हण.

(आई आत येते. खांद्यावर नव्या कागदांचा जाड गठ्ठा.)

आई : छोटी? तू… आज इतक्या लवकर?

मावशी : दे तो गठ्ठा इकडे. बस. तुझ्या लेकीला काही सांगायचंय. मी इथंच आहे, पण मी गप्प. तारीख लिहून ठेव, असा दिवस परत यायचा नाही.

आई : काय झालं? प्र… प्र… निवड गेली?

मुलगी : नाही. आई, मी संस्थेला जे रेकॉर्डिंग पाठवलं ना, ते तुझं होतं.

आई : माझं?

मुलगी : फर्मे दुमडतानाचं. तू एकटी होतीस तेव्हाचं. मी गठ्ठ्यामागं रेकॉर्डर ठेवला होता. तुला न विचारता.

आई : किती… आहे?

मुलगी : आठ मिनिटं.

आई : ते फाटकाचं… तेही?

मुलगी : तेही.

आई : कुणी कुणी ऐकलं?

मुलगी : तिघांनी. दोन मॅडम आणि एक सर.

आई : ती खिडकी लाव.

मुलगी : आई, बाहेर कुणी नाहीये.

आई : लाव तू. ते… माझं माझ्याशी होतं गं. माणूस अंघोळ करतं… तसं.

मुलगी : चुकलं माझं.

आई : त्यांनी विचारलं असेल… ही कोण.

मुलगी : विचारलं.

आई : मग?

मुलगी : मी म्हटलं, नाटकातल्या एक बाई आहेत. आणि लिहिलंय मी.

आई : ब… बरं केलंस.

मुलगी : असं नको ना म्हणूस.

आई : अगं, खरंच. नाटकातली म्हटलं की… शोभतं ते. नाही तर कोण… असं भिंतीशी बोलतं? यासाठी का छोटी आली? हा कागद… यावर सही हवीये?

मुलगी : संमतिपत्र आहे. चारला त्यांचा फोन येणार, त्या बाईंशी बोलायला. मग निवड पक्की.

आई : पेन दे. त्या बाईंचं… नाव काय सांगितलंस? तेच लिहिते.

मुलगी : नाही!

आई : लिहिताना अडत नाही मला. दे.

मुलगी : आई, तू चिड ना गं माझ्यावर. मार हवं तर.

आई : वेळ होईल. तीन वर्षांचं शिक्षण… तू रोज त्या यादीकडे बघून झोपतेस. मी बघते ना. दे पेन.

मुलगी : मी हसले होते, आई.

आई : कधी?

मुलगी : सहावीत. तू पहिल्यांदा सभेला आलीस. बाईंनी तुझं नाव विचारलं, आणि तू अडकलीस नावावरच. सगळा वर्ग हसला. मीपण हसले. मला त्यांच्यातली व्हायचं होतं. घरी येऊन म्हटलं, मावशीला पाठवत जा.

आई : ठाऊक आहे.

मुलगी : तू पाहिलंस मला हसताना?

आई : पाहणार कुठून? मान… वर नव्हतीच माझी. ऐकलं. चाळीस पोरं हसली तरी… तुझं हसू वेगळं कळतं मला.

मावशी : मी बोलणार नव्हते. पण फोन वाजतोय.

आई : छोटी, तू घे. तू छान… बोलतेस. जा, पोरीचं भलं होईल.

मावशी : ताई, मला नको सांगूस. तुझ्या पाया पडते.

मुलगी : द्या इकडे तो. हॅलो… हो मॅडम, मीच बोलतेय… नाही, त्या बाई इथं नाहीत. अशा कुणी बाई नाहीतच, मॅडम… माझ्या आईचा आवाज आहे तो… घरी फर्मे दुमडते, पुस्तकांचे… हो, लेखनही तिचंच. म्हणजे लिहिलंही नाही तिनं, बोलली. मी त्यातला एकही शब्द केलेला नाही… नाही, विचारलं नव्हतं. तिला आत्ता कळलं… संमती? ती देतेय, मॅडम. पेन हातात धरून बसलीये. पण मी नाही घेणार… हो… हो, लेखी पाठवते… कळलं… नाही मॅडम, तुमची काहीच चूक नाही… हो. ठेवते.

मावशी : काय म्हणाल्या?

मुलगी : खोटी माहिती दिली, म्हणून यंदाचा अर्ज रद्द. पुढच्या वर्षी नव्यानं भरता येईल. पहिल्या फेरीपासून.

आई : वर्ष गेलं तुझं… माझ्यापायी.

मुलगी : तुझ्यापायी? आई, तुझ्यापायी तर मी इथवर पोचले होते. गेलं ते माझ्या जिभेपायी.

मावशी : मॅडम ओरडल्या का?

मुलगी : ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. इतक्या हळू बोलत होत्या. 'वाईट वाटलं,' एवढंच म्हणाल्या. कान अजून गरम आहेत माझे.

मावशी : असू दे गरम. यादीत खाली काहीतरी बारीक अक्षरात लिहिलंय. माझा चष्मा नाही, तूच वाच.

मुलगी : 'न झाल्यास : इथल्या कॉलेजात भौतिकशास्त्र, सकाळचे वर्ग. संध्याकाळी कुठंतरी काम.' ते मी उगाच लिहून ठेवलं होतं. लागणारच नाही असं वाटून.

मावशी : अर्ज कधीपर्यंत घेतात?

मुलगी : शुक्रवार.

मावशी : म्हणजे रडायला तुला गुरुवारपर्यंत सवड आहे. आणि आमच्या स्थानकाचे कर्णे दुरुस्त करायला एक जण येतो, जाहिरातींचा छोटा स्टुडिओ आहे त्याचा. वायरी गुंडाळायला माणूस टिकत नाही त्याच्याकडे, फार खेकसतो म्हणे. मी उद्याच घालते शब्द…

मुलगी : तू नको, मावशी. मी जाते. मीच विचारते.

मावशी : खेकसेल हं.

मुलगी : खेकसू दे.

मावशी : बरं. मग मी आपली चहा टाकते. माझं तेवढं तरी काम ठेवा बाई या घरात.

आई : साखर… खालच्या डब्यात आहे.

मुलगी : आई, गठ्ठा सोडू? आज मी दुमडते थोडे.

आई : तुझी घडी… तिरकी पडते. राहू दे.

मुलगी : हं.

आई : ते आहे अजून? तुझ्याकडे?

मुलगी : आहे. आत्ता पुसून टाकते. तुझ्यासमोर. हे बघ, इथं दाबलं की गेलं.

आई : दाबू नकोस.

मुलगी : का गं?

आई : ऐकव.

मुलगी : आत्ता? खरंच ऐकायचंय तुला?

आई : मी कधी… ऐकलंच नाहीये. मला. असं.

मुलगी : थांब, हे कानात घाल. केस बाजूला घे. मोठा वाटला आवाज तर हात वर कर. लावू?

आई : …

मुलगी : येतंय का ऐकू?

आई : …

मुलगी : आई? अगं, डोळे का मिटलेस? बंद करू का?

आई : थांब गं. बोलतेय अजून ती.