फक्त एक चढ

...आणि वर तो मेकॅनिक मलाच विचारतो, "ब्रेकचं तुम्ही कुठे सांगितलं होतं?" अहो, म्हणजे काय! न्हाव्याला सांगावं लागतं का, की बाबा रे, केस काप पण कान ठेव? तुम्हाला सांगतो, मला काय शर्यती जिंकायच्या होत्या? मला फक्त चढ चढायचा होता हो!

त्याचं असं आहे, आमचं घर चढावर, आणि स्कूटर पन्नास सीसीची. एकट्याला नेते तीही कण्हत. दोघं बसलो की मध्यावर जी थांबते ती थांबतेच! म्हणून गेली अकरा वर्षं बाजारातून येताना चढाच्या पायथ्याशी बायको माझ्या खांद्यावर दोन टिचक्या मारते, उतरते आणि चालत वर येते. पिशव्या स्कूटरवर, बायको पायी! आणि खरं सांगू? बरेचदा तीच आधी पोचते. तरी कधी एका शब्दाने बोलली नाही हो. पण मध्यंतरी आमचे साडू गाडीतून आले, काच खाली केली आणि भर रस्त्यात, "काय साडूभाऊ! कांदे बसवले आणि आमच्या मेहुणीला चालवलं?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. म्हटलं, बस्स! आता ही या चढावर एक पाऊल चालणार नाही.

गेलो मेकॅनिककडे. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावतो, मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो आणि नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावं तशा आवाजात सांगतो, "साहेब... छाती लहान आहे हिची. बोअर वाढवू, पिस्टन मोठा टाकू." म्हटलं, टाका. दोन दिवसांनी फोन. "साहेब, पिस्टन मोठा झाला, आता श्वास पुरत नाही. कार्बोरेटर मोठा लागेल." लावा! पुन्हा फोन. "श्वास आत जातोय, पण बाहेर पडत नाहीये. सायलेन्सर मोकळा करतो." करा! "आता क्लचला ताकद पेलवत नाही..." मी म्हटलं, अहो डॉक्टर, मला फक्त चढ चढायचा आहे! तर म्हणे, "चढ? साहेब, भिंत चढेल!"

झालं. गाडी आली. बायकोला घेऊन बाजारात गेलो, येताना पायथ्याशी छाती फुगवून म्हटलं, "आज उतरायचं नाही हं!" आणि मूठ पिळली... अहो, काय सांगू तुम्हाला! डोंगर अंगावर आल्यासारखा चढ आला आणि गेलासुद्धा! आवाज असा की कुत्री भुंकायची विसरली! वर पोचलो, म्हटलं, "बघितलंस?" उत्तर नाही. "अगं, बोल की!" उत्तर नाही. मागे वळून बघतो तर... सीट रिकामी! फूटरेस्टवर तिची एक चप्पल!

अकरा वर्षांची सवय हो! माझं बोलणं त्या आवाजात तिला ऐकूच गेलं नाही, आणि ती नेहमीसारखी टिचक्या मारून उतरत होती! पडली असेल? लागलं असेल? तसाच फिरलो, सुसाट खाली निघालो, ब्रेक दाबला... आणि ब्रेक जुनेच! पन्नास सीसीच्या लायकीचे! बायको पायथ्याशी एका पायात चप्पल घालून धडधाकट उभी, आणि मी तिच्यासमोरून "अगंऽऽ, लागलं काऽऽ" करत तसाच पुढे! चौकाला वळसा घालून परत आलो तर म्हणते, "चप्पल द्या."

शेवटी विनवण्या करून बसवली. गेलो. आठ सेकंद! वर उतरली. मी वाट बघतोय, आता कौतुक करेल, मग करेल. तर दाराकडे बघत म्हणते कशी, "संपला? एवढ्यात?"

"मग! आता तुला कधी चालायला नको."

"अहो, सकाळपासून सगळे माझ्याशी बोलत असतात. तुम्ही, मुलं, फोनवर सासूबाई. तेवढ्या चढावर कुणी नसायचं. तेवढाच माझा होता तो."

अकरा वर्षं! अकरा वर्षं मी मनातल्या मनात झुरतोय, आणि हिला चढ हवा होता! तिच्याकडे बघतोय, स्कूटरकडे बघतोय, डॉक्टरने छाती फाडलेलं ते इंजिन टिकटिक करत थंड होतंय...

आता ब्रेकही नवे बसवलेत. पायथ्याशी दोन टिचक्या पडतात, ती उतरते, मी मूठ पिळतो, आठ सेकंदांत वर! आणि मग, मुलं शाळेत, मी बसतो पायरीवर, कांद्यांच्या शेजारी, चांगली पाच मिनिटं. पूर्वी ती माझ्या आधी नाहीतर बरोबरच पोचायची, त्यामुळे कधी लक्षातच आलं नव्हतं हो... घराची किल्ली तिच्याकडे असते.