गडाधिपतींचं कुलूप

मंडळी, ऐका! पूर्वरंगात देव झाला, भक्ती झाली, इनामदारकाकांची एक डुलकीही झाली. आता आख्यान! पण आधी एक प्रश्न — देऊळ स्वच्छ राहावं म्हणून पुजाऱ्याने भक्तांनाच आत यायची बंदी केली, तर त्याने देऊळ राखलं की बुडवलं? थांबा! लगेच माना डोलवू नका. गोष्ट ऐका, मग डोलवा.

रत्नागिरीला पद्मनाभ केळुसकर नावाचे एक गृहस्थ. चाळिशी उलटलेली, नोकरी उत्तम, आणि नाद कसला? कॉम्प्युटरवरच्या खेळाचा! हसू नका देसाईकाकू, तुमच्या फोनमधल्या गोळ्या फुटल्याचा आवाज आत्ता पूर्वरंगात मला येत होता. तर खेळ असा — डोंगर निवडायचा आणि त्यावर गड बांधायचा. तट, बुरूज, पाण्याची टाकी, सगळं आपल्या हाताने. पद्मनाभ आणि त्यांचा धाकटा भाऊ अच्युत, दोघांनी मिळून एक गड बांधला. पुढे अच्युत आजारी पडला आणि गेला. मंडळी, गेलेल्या माणसाचे फोटो सगळ्यांकडे असतात. यांच्याकडे भावाने रचलेला अख्खा गड होता! रोज संध्याकाळी कामावरून आले की त्या तटावरून एक चक्कर मारायचे. एवढं लक्षात ठेवा.

आता या खेळाडूंचा इंटरनेटवर एक फोरम होता. फोरम म्हणजे काय? पारावरच्या गप्पाच, पण लिहून ठेवलेल्या. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं, आणि सांगितलेलं तिथंच राहायचं — पुढे कधीही येणाऱ्याला सापडायचं. नाव होतं 'सदर'. काय वर्दळ! टाक्यातलं पाणी का आटतं, यावर आठवडाभर वाद! आणि या सदरेची व्यवस्था बघणारे कोण? आमचे पद्मनाभपंत! तिथलं त्यांचं नाव — 'गडाधिपती'! अहो, टाळ वाजवा की, एवढा मोठा माणूस आला!

गडाधिपतींचा एकच नियम. नवा माणूस आला, त्याने काही विचारलं, की उत्तर ठरलेलं — 'आधी शोधा!' हे पूर्वी विचारून झालंय, आधी शोधा! आणि त्या प्रश्नाला धाडकन कुलूप — खाली कुणी उत्तर लिहायचं नाही! पुढे पुढे तेवढेही कष्ट होईनात. त्यांनी यंत्रच बसवलं! जुन्यासारखा प्रश्न दिसला रे दिसला, की आपोआप कुलूप आणि खाली सही — 'आधी शोधा. — गडाधिपती.' जुनी मंडळी खूश! 'लाईक'च्या अंगठ्यांचा नुसता पाऊस! नव्या माणसाला हाकलण्यात जी गोडी आहे ना मंडळी, ती श्रीखंडात नाही.

एकदा तिथं आल्या श्रीरामपूरच्या सुनेत्रा वाघचौरे. दातांच्या डॉक्टर, म्हणजे दुखतं तिथंच हात घालणाऱ्या! त्यांनी विचारलं, "खेळाची नवी आवृत्ती घेतली, आता माझा जुना गड उघडत नाही. काय करू?" कुलूप! 'आधी शोधा!' बाईंनी शोध शोध शोधलं, काही मिळालं नाही. मग स्वतःच खटपट केली आणि गड उघडला. बाई चांगल्या हो! दुसऱ्याला त्रास नको म्हणून परत आल्या आणि सगळा उपाय सविस्तर लिहून ठेवला. गडाधिपतींनी काय केलं? पुसून टाकला! कारण? 'उपाय' असा वेगळा रकाना होता, आणि बाईंनी तो लिहिला 'प्रश्न' या रकान्यात. केवढं हे पाप!

बाई गेल्या. त्यांच्यामागून बाकीचेही गेले. कुठं? चॅटच्या ग्रुपवर! तिथं सकाळी सांगितलेलं दुपारी वाहून जातं, पण निदान कुणी डाफरत नाही. सदर ओस पडली. आणि गडाधिपती? खूश! "बघा, एकही प्रश्न चुकीच्या रकान्यात नाही!" अहो, कसा असेल? माणूसच नाही! स्मशानातही गडबड नसते, म्हणून तिथं कुणी बिऱ्हाड करतं का?

आणि एक दिवस पद्मनाभांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. नवा आणला, खेळाची नवी आवृत्ती घातली. भावाचा गड — उघडेना! पडद्यावर नुसता दरवाजा, आत जाता येईना. धावले सदरेवर. शोधलं! सापडला हो, हाच प्रश्न सापडला! खाली काय? 'आधी शोधा. — गडाधिपती.' त्याच्या आधीचा काढला. 'आधी शोधा. — गडाधिपती.' शेवटी स्वतः प्रश्न टाकला — खटकन कुलूप! त्यांचंच यंत्र, त्यांचीच सही! कुलूप काढलं म्हणा, पण उत्तर द्यायला कोण होतं? ग्रुपवर विचारलं, तर प्रश्नावर वाढदिवसाचे केक पडले.

मग बाई आठवल्या. त्यांचा पत्ता काढून निरोप पाठवला — चूक झाली, मदत करा, भावाचा गड आहे. मंडळी, तुम्ही असता तर काय लिहिलं असतं? 'आधी शोधा'! मीही लिहिलं असतं. पण बाईंनी फोन केला.

"केळुसकर, कॉम्प्युटरसमोर बसलाय ना? घाबरू नका. मी सांगते तसं करा." जुनी फाईल कुठं ठेवायची, तिचं नाव कसं बदलायचं, सगळं सांगितलं. दरवाजा उघडेपर्यंत फोन ठेवला नाही. आणि उघडला! आत पहिल्याच टाक्यावर अच्युतने कधीतरी लावलेली पाटी — 'दादा, पाणी संपलंय, टाकं खोल कर.' पद्मनाभ हुंदके देऊन रडले.

जरा वेळाने बाई म्हणाल्या, "एक विचारू? हेच मी तेव्हा लिहिलं होतं. का हो पुसलंत?"

"चुकीच्या रकान्यात होतं..."

"अहो, माझ्याकडे पेशंट येतो. त्याच्या आधी हजारो लोकांची दाढ दुखलेली असते. म्हणून त्याला सांगू, आधी शोधा?"

त्याच दिवशी पद्मनाभांनी यंत्र काढलं, सगळी कुलपं काढली, बाईंचा उपाय पुन्हा लिहिला. आणि वाट बघत बसले. अजून बसलेत! नवा माणूस यावा, त्याने अगदी जुनाच प्रश्न विचारावा, एवढीच आता त्यांची इच्छा आहे. कुणी येत नाही.

हं, इनामदारकाका, आता हळहळताय! आता आपल्या देवळात बघू. पूर्वी इथं बसायला जागा नसायची. आज माणसांपेक्षा सतरंजी जास्त दिसते. "हल्ली लोकांना आवडच राहिली नाही" — म्हणता ना? मघाशी, कीर्तनाआधी, त्या समोरच्या इमारतीतल्या नव्या ताई भजनाला आल्या होत्या. बिचारीने विचारलं, "टाळ कसा धरायचा?" काय सांगितलंत तिला? "आधी कुठंतरी शिकून या!" मी पेटीवाल्यांशी बोलत होतो, बहिरा नव्हतो! ती दाराशी उभी राहिली आणि गेली.

कुणीतरी जा, तिला हाक मारून आणा. काय नाव तिचं? देसाईकाकू? नाही? इनामदारकाका? कुणालाच माहीत नाही?

मग ठेवा ते टाळ खाली. नामाचा गजर ती आल्यावर.