खोटं पकडणारं अ‍ॅप

अरे, मी मोबाईलवरच शिकून पयलं अ‍ॅप बनवलं ना, त्याची मजा ऐका. अंगठा ठेवला की 'खरं' नायतर 'खोटं', मनाला येईल ते कायपन एक यायला हवं, नुसती गंमत. पण कोडमधी काय चुकलेलं काय म्हायत, सारखं 'खोटं'च!

दादा एमआयडीसीतून आला. आयेला अ‍ॅप खरंच वाटलेलं, तिनं माझा मोबाईल पुढं करून त्याला धरला. "काल ओव्हरटाइमला होतास ना रे? ठेव अंगठा."

दादानं हात मागं घेतला. "नाय गो आये, पोलादपूरला गेलतो. एक पोरगी हाय."

आये माझ्याकडं वळली. "आणि हे तूच बनवलंस? ढापलेलं असलं तर मोबाईल बंद."

"मीच बनवलं!" मी ऐटीच्या भरात सगळं विसरून अंगठा ठेवला.

'खोटं.'

आता मोबाईल आयेच्या कपाटात. आणि चूक कुठं झाली ते बघायला मला तोच पायजे.