विमलबाईचा दुसरा टेक

नाही, डायरेक्टरसायेब, दुसरा टेक नाही. विमलबाई, माही बायको, मागं गोठ्यात बसली हाय अन् मी या दारात आडवा. ओलांडून जाता? जा की! मी तुमच्याच पिच्चरमधला हवालदार हाय, वर्दी अजून अंगावर हाय, आत टाकीन — हसा ना भौ! सकाळी तर लय हसले. तुमचा थो मुडदा झालेला पोट्टा चादरीखाली पडला होता, म्या तळपायाले गुदगुल्या केल्या, तं मुडदा उठून बसला! सारं गाव खिदळलं. आमची बुढीबी हसली — नातू गेल्यापासून पयल्यांदा.

अन् मंग तुमी तिले म्हणे, आजी, हा तुमचा नातू समजा, याले कोनं तरी मारून विहिरीत टाकलं, आता नॅचरल रडा. समजा म्हणे! आमचा उत्कर्ष विहिरीतच सापडला होता, हे तुमाले कोनं सांगतलं नाही? गावानं नाही सांगतलं? गाव कायले सांगते, गावाले पिच्चरमधी दिसाचं होतं.

आमच्याकडं बाई नुसतं नाक ओढत रडते काय? नाही भौ. मयतीपाशी बाई सांगत रडते — लेकरू काय जेवलं, काय घातलं, कोनासंग गेलं. तोंडावर पदर घेतला का तिले कोनी अडवत नाही, नवराबी नाही. पन उत्कर्षच्या येळेस बुढी एक शबद बोलली नाही. लोक म्हणे, काळीज दगडाचं. मीबी म्हणलं, खोटं कायले बोलू.

अन् आज तुमच्या त्या रंग लावलेल्या मुडद्यापाशी तिचं तोंड उघडलं — ‘भाकर खाऊन निंगाला रे बापा, निळा शर्ट घातला रे, हरीओमच्या गाडीवर मालेगावले गेला, वापस आलाच नाही रे’ — अन् तुमी टाळ्या वाजवल्या! म्हणे, काय अ‍ॅक्टिंग! आता म्हनता, सारं झकास, फक्त थे हरीओम नाव आपल्या कहाणीत नाही, तेवढं सोडून पुन्हा रडा. कसं सोडावं? पोलीस इचारून थकले, तिनं सांगतलं नाही. मलेबी आजच कळलं, तुमच्या कॅमेऱ्यासंग! आता गोठ्यात सांगून राह्यली — तिरडीले खांदा द्यायले हरीओमच पुढं होता, अन् त्याच्या आधी, मयत अंगणात ठेवल्याबरोबर, तिच्या कानात म्हणे, पल्लवी वाशीमले कॉलेजात एकटीच जाते ना? पल्लवी आमची नात. उरलेली.

काहून ओट्यावर बसले? तुमाले काय वाटलं, बुढीनं हवेतून नाव काढलं? अहो थोच हरीओम — जनरेटरवाला, तुमची माणसं मोटारीतून फिरवते, तुमाले दादा-दादा करते — थांबा. तुमाले मालूम नोतं? खरंच नोतं? अरे बाप्पा. मंग मीच बोलून बसलो काय?

बरं, एक सांगा. बुढी रडली थे सारं भरलेली कॅमेऱ्यातली चकती कुठी हाय? पेटीत. अन् पेटी? — काय म्हनता? कोनाच्या मोटारीत?

उठा. चप्पल राहू द्या, भौ, उठा — पळा!